गाठीची जागा

आईचा अंगठा पुन्हा त्याच मण्यापाशी अडला. तिने माळ डोळ्यांजवळ नेली, मणी नखाने खरवडून पाहिला आणि जप पहिल्यापासून सुरू केला. सकाळपासूनची ही पाचवी खेप. जप पुरा झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हा तिचा नेम. माणसं विसरली, पण नेम विसरली नाही. कालचं ताट तसंच उचलावं लागलं होतं.

"आई, दूध तरी घे गं."

"तुम्ही कोण, बाई? माझी माळ बदललीत तुम्ही."

जन्मभर जिला 'चिमणे' म्हणून हाक मारली, त्या लेकीला हल्ली ती असंच विचारायची. आईला डुलकी लागली तशी लेकीने माळ अलगद सोडवून घेतली आणि पटवेकऱ्याचं दुकान गाठलं. दोरा तुटला म्हणून परवा त्याच्याकडेच तिने ती ओवायला दिली होती.

त्याने मणी मोजले.

"माझ्या कामात खोट नाही हां, ताई. एकशे आठ भरले. तुम्ही आणलेत तेव्हा एकशे सातच होते. एकाच्या जागी नुसती गाठ. मी पदरचा मणी घातला."

"गाठ?"

"चांगली मोठी. बोट फिरून फिरून गुळगुळीत झालेली. म्हटलं, मणी हरवला असेल, आजींनी वेळ मारून नेली."

"पण एक कमी म्हणजे जप अपुराच की! इतकी वर्षं?"

तो हसला. त्याच्या मागे खुंट्यांवर सगळ्या धर्मांच्या माळा शेजारी शेजारी लटकत होत्या.

"कुणाला तेहतीस मणी लागतात, तीनदा फिरवतात. कुणाच्या दोरीला मणीच नसतो, शंभर गाठी. कुणी बोटांच्या पेरांवर भागवतं. डोळे मिटून बसायची ओढ माणसाला फार जुनी, ताई. मोजायचं कसं, ते ज्याचं त्याने ठरवलं. श्वास संथ होतो, जीव थाऱ्यावर येतो, तो सगळ्यांचाच. एक मी सोडून. दिवसभर माळांत बसतो, तरी बायको म्हणते, तुमच्याइतका तिरसट माणूस पाहिला नाही."

लेकीला हसू आलं नाही. डॉक्टरही म्हणाले होते, जप चालू राहू द्या, त्यानेच त्या शांत राहतात.

"गाठीपाशी त्या काय म्हणायच्या?" त्याने विचारलं.

तिने आठवून पाहिलं. आईचे हलणारे ओठ तेवढे दिसले. एका घरात राहून तिने कधी कान दिला नव्हता.

"ठाऊक नाही. पण गाठ परत मारा."

"कुठे? मी तर ती कापून टाकली. मणीही जुळता घातला, आता माझा मलाच ओळखू येत नाही."

तिने माळ बोटांतून सरकवली. एका मण्यावर नखाचे ओरखडे होते.

"इथे."

घरी आई जागी होऊन रिकामी बोटं चाळवत होती. माळ हातात येताच तिने डोळे मिटले. लेक ताट घेऊन दाराशी उभी राहिली, या वेळी कान देऊन. एकेक मणी नामासह सरकत गेला. अंगठा गाठीपाशी आला, थबकला. नवी गाठ खरखरीत होती. आईने ती दोनदा चाचपली.

"चिमणे, सुखी राहा," ती जपाच्याच सुरात म्हणाली.

लेकीने 'ओ' द्यायला तोंड उघडलं. पण आईचा अंगठा पुढच्या मण्यावर गेला होता, आणि जपात कुणी मध्ये बोलायचं नसतं.

माळ पुरी झाली. आईने ती डोळ्यांना लावली, ताटासाठी हात पुढे केला आणि दाराकडे पाहिलं.

"उभ्या का, बाई? बसा की. तुम्हीही जेवला नसाल."