उलट्या शिंगांचा काळवीट

मी एक जुना काळवीट आहे. म्हणजे, जेवढा उरलोय तेवढा: एक कवटी, दोन पीळदार शिंगं आणि पाठीला शिसवी पाटी. मित्रांनो, रोज तुम्ही शाळेच्या कपाटात मला बघता आणि बोटांनी शिंगांचे पीळ मोजता. आज मीच माझी हकीकत सांगतो.

चांदबिबीच्या महालापलीकडच्या माळावर माझा जन्म झाला. तिथं पवना गवत वाऱ्यावर असं लवायचं, की जणू सगळा माळच कुणाला रामराम करतोय. माझी पाठ काळी झाली, शिंगांना पीळ आले आणि कळपात मला मान मिळाला. गवत कापायला येणारी बनुबाई मला बघून विळा थांबवायची आणि म्हणायची,

"माळाच्या राजाला गं, तळ्याचं पाणी गोड,
पाणी पेत्या जीवाची, दादा, पाठ सोड."

पण दादानं पाठ सोडली नाही. १९४३ साल होतं. लढाईमुळं पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, तरी नगरच्या एका रावसाहेबांना ते माझ्या मागं उधळायला पुरलं. मी तळ्यात तोंड घालून उभा होतो. रावसाहेब मोटारीतून उतरलेसुद्धा नाहीत. पोट आडवं येत असावं. बसल्या बैठकीला त्यांनी बंदूक खिडकीवर टेकवली आणि मागून गोळी घातली. मग मात्र तुरुतुरु उतरले आणि माझ्या मानेवर बूट ठेवून फोटो काढून घेतला. बूट नवा होता. मर्दुमकी मात्र शोधूनही सापडली नसती.

मला झेंडीगेटाजवळ इब्राहिमचाचांकडे नेलं. शिकारीची मुंडकी बसवणारे ते जुने कारागीर.

"आख्खं मुंडकं भरायचं तर चाळीस रुपये," चाचा म्हणाले. "नुसती कवटी पाटीवर बसवायची तर पंधरा."

"पंधरावालं कर," रावसाहेब म्हणाले. माझ्या जिवाची घासाघीस तिथंच संपली.

चाचांचा हात मात्र मायेचा. त्यांनी कातडं सोडवलं. मग सोड्याच्या पाण्यात मला मंद आचेवर ठेवलं आणि शिंगं वर ओल्या फडक्यात गुंडाळली. चूल मोठी झाली की ते बायकोला हाक मारायचे, "मुबारकबी, लाकूड ओढ! उकळी फुटली तर नाकाची हाडं सुटतील." वाकड्या तारेनं मेंदू काढला. चौथ्या दिवशी शिंगांची खोळ टोपीसारखी पिळून उपसली आणि आतली हाडाची खुंटी उन्हात वाळवली. डाव्या खुंटीवर एक रेघ आणि डाव्या खोळीच्या आत एक रेघ. उजवीकडं दोन. हा चाचांचा रिवाज. चार मुंडकी एकदम आली तरी कुणाचं शिंग कुणाला जायला नको.

मग खोळी परत चढवून चाचांनी मला पाटीवर बसवलं. पंधराव्या दिवशी रावसाहेब आले. फीत लावली तर एकवीस इंच.

"चोवीस कर."

"कसं करू?"

"आत लाकूड घाल आणि खोळ वर चढव. कळतंय कुणाला?"

"साहेब, शिंग त्याचं आहे. मी कसं वाढवू?"

"मग ऐक. इथले सगळे साहेबलोक माझ्या शब्दावर तुझ्याकडं येतात. उद्यापासून पुण्याला जातील."

चाचांचा हा एकच धंदा होता, आणि या धंद्यात नाव हीच काय ती भाकरी. पण हात काही लाकडाकडं गेला नाही. रावसाहेब मला बगलेत मारून चालते झाले.

घरी त्यांनी स्वतःच कारागिरी केली. दोन्ही खोळी उपसल्या, खुंट्यांवर लाकडाचे तुकडे बसवले, सरस ओतला आणि खोळी परत चढवल्या. डावी उजवीकडं, उजवी डावीकडं! जन्मभर हरणं मारली, पण एकाचंही तोंड नीट पाहिलं नव्हतं.

आठवड्यानं मेजवानी झाली. रावसाहेब बशीतला तुकडा काट्यानं टोचून सांगत होते, "समोरून अंगावर धावून आला! कपाळाच्या रोखानं घातली गोळी!" काळवीट आणि अंगावर धावून? आम्ही तर वाळलं पान वाजलं तरी पळतो.

एवढ्यात घोड्यांना गवत घेऊन आलेली बनुबाई दारात थबकली. "आगं बया! ह्याची शिंगं उलटी बशीवली की! पीळ बाहेर जायचा त्यो आत शिरलाय. ह्ये हरीन हाय का रावसायबाची मिशी?"

हसू पिकलं. रावसाहेब लालबुंद झाले. "त्या इब्राहिमचा गाढवपणा! बोलवा त्याला, सगळ्यांसमोर कान धरायला लावतो!"

चाचा आले. पाहुण्यांत साहेबलोक होते, म्हणजे चाचांची सगळी गिऱ्हाइकं. त्यांनी पाटी भिंतीवरून उतरवली आणि मला टेबलावर पालथं घातलं. सरस कच्चा होता, एका पिळात खोळ सुटली. लाकूड टपकन रश्श्यात पडलं.

"खुंटीवर एक रेघ," चाचा शांतपणे म्हणाले, "आणि खोळीत दोन. माझ्या हातची असती तर एकावर एक असती. लाकूडही माझं नाही."

पण लाकडाकडं कुणी बघतच नव्हतं. मी पालथा होतो ना? रावसाहेबांच्या मुलींच्या शिकवणीला येणारे मिशन शाळेचे दानीएल मास्तर चष्मा सावरून वाकले.

"रावसाहेब, कपाळ तर कोरं आहे. भोक शिंगांच्या मागं, पाटीच्या वर आहे की! समोरून धावून येताना यानं पाठ कधी केली?"

कुणी हसलं नाही. ते हसण्यापेक्षा वाईट होतं. रावसाहेबांनी मला ढकललं. "घेऊन जा ही ब्याद!"

मास्तरांनी मला उचललं. चाचांनी लाकूड काढून शिंगं जागच्या जागी बसवली, पुन्हा एकवीस इंच. साहेबलोक पुण्याला गेले नाहीत. पण त्या दिवसापासून चाचा नव्या गिऱ्हाइकाला आधी विचारायचे, "गोळी कुठून लागली, दाखवा." निम्मे तिथूनच परत फिरायचे.

मित्रांनो, माझी धूळ पुसाल तेव्हा शिंगांचं कौतुक जरूर करा. पण एकदा मला पालथं करा आणि त्या भोकात बोट घाला. कुणाची मोठाई मोजायची झाली, तर फीत तिथं लावा. आणि माळावरच्या तळ्यावर कुणी पाणी पिताना दिसलं, तर लांबच थांबा. त्याला पोटभर पिऊ द्या. माझं ते पाणी अर्धंच राहिलं.