सत्यशीलाच्या डाव्या हातातला ग्लोव्ह

मित्रांनो, बेसबॉलचा चेंडू झेलताना हातात घालतात तो चामड्याचा ग्लोव्ह मी. आता काळपट झालोय, शिवणही उसवलीय. मेरठच्या कारखान्यातून करमाडच्या शाळेत आलो तेव्हा मी इतका कडक होतो की मुले मला परत पेटीत टाकत. त्याच शाळेतल्या सत्यशीलाने मात्र मला घरी नेले, खोबरेल तेल चोळचोळून मऊ केले.

तिचे वडील मल्हारराव मेंढरे राखत. भरकटलेल्या मेंढीपुढे नेमका दगड टाकून तिला वळवायचे, हे सत्या त्यांच्याकडूनच शिकली होती. ती खो-खो खेळे, विहिरीत पोहायला जाई आणि संध्याकाळी चेंडू फेकायला येई. ते माझे सर्वांत सुखाचे दिवस.

तिची फेक पाहून शाळेचे खेळशिक्षक सर्जेराव सर हरखले. म्हणाले, "सत्या, राज्याच्या संघात जायचंय ना? मग आता फक्त पिचिंग, फलंदाजाला चेंडू टाकणं. बाकीचे खेळ बंद."

मग बारा महिने, सकाळ-संध्याकाळ, तेच. तिचा चेंडू वेगाने जाई, झेलणाऱ्याकडून परत माझ्यात येऊन थाडकन बसे. लोक टाळ्या वाजवत. पण सत्याचे हसणे कमी झाले. सगळ्यांची पाठ वळली की ती मला उजव्या कोपरावर दाबून धरी. ते कोपर गरम लागे. तिने कुणाला सांगितले नाही. मला तर सांगताच येत नव्हते.

निवड चाचणी शहरातल्या मैदानावर होती. तिसरीच फेक अर्ध्या वाटेत मातीत पडली. सत्या कोपर धरून खाली बसली.

दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, "हाडं अजून वाढतायत हिची. एकाच कामाला हात किती जुंपला!"

मल्हाररावांनी घाबरत विचारले, "पोरीचा हात पहिल्यावानी व्हईल का?"

"होईल. पण चेंडूला बराच काळ हात लावायचा नाही. दुखणं थांबलं की पळू दे, पोहू दे, दुसरं काही खेळू दे."

सरांची मान खाली गेली. "चुकलं माझं, मल्हारराव," एवढेच ते बोलले.

वर्ष सरले. सत्या पुन्हा खो-खोत पळू लागली. कोपर बरे झाले. राज्याचा संघ त्या वर्षी स्पर्धेला तिच्याशिवायच गेला. आता ती पिचिंग करते, पण बेताने, आणि हंगाम संपला की चेंडू ठेवून देते.

परवा तिने मला हातात घालून पाहिले. बोटे आत गेलीच नाहीत. "लई लहान पडतोस रं आता," ती हळूच म्हणाली. शाळेने तिला मोठा ग्लोव्ह दिलाय.

मित्रांनो, दुखले तर लगेच सांगा. एका खेळासाठी बाकीचे खेळ सोडू नका. मोठ्यांनो, तुम्ही विचारत राहा. माझ्या सत्याला कुणी वेळेवर विचारले असते, तर सरावाचे एक आणि दुखण्याचे एक, अशी तिची दोन वर्षे माझ्यासोबत हसण्यात गेली असती. हसण्यातली ती दोन वर्षे मला अजून हवीशी वाटतात.