माझ्या समुद्रावरचे सतरा पूल

हसा मित्रांनो, खुशाल हसा! समुद्रावर कागदाचे सतरा पूल आणि मधोमध कात्रीचा काप, असं ध्यान बघून हसू येणारच. मी भूगर्भशास्त्राच्या वर्गातला जुना कापडी नकाशा. पण एके काळी माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

पाट्या रंगवणाऱ्या एका कारागिराने महिनाभर खपून मला रंगवलं. माझ्यासमोर उभे राहून सर मुलांना सुकलेलं सफरचंद दाखवायचे. "पृथ्वी निवत गेली, आकसत गेली, सालीला सुरकुत्या पडल्या. तेच आपले डोंगर!" मुलं माना डोलवायची. मलाही ते अगदी पटायचं. फार सुखाचे दिवस होते ते.

मग एक अडचण आली. पोहता न येणाऱ्या एकाच प्राण्याचे दगड झालेले सांगाडे समुद्राच्या दोन्ही काठांवर सापडले. तो पलीकडे गेला कसा? सरांनी तपकिरी कागदाची पट्टी कापली, खळ लावली आणि माझ्या समुद्रावर चिकटवली. "इथे जमिनीचा पूल होता. बुडाला." पुढे असा दुसरा प्राणी सापडला की दुसरी पट्टी. सतरा झाल्या तेव्हा मी इतका जाड झालो, की मला गुंडाळता येईना. दोनदा तर खिळ्यासकट खाली आलो.

अशात सरांची लाडकी विद्यार्थिनी समुद्राचा तळ मोजून परतली. तिने प्रबंधात लिहिलं, की तळाशी बुडालेला पूल एकही नाही. तळ मधोमध फाटतोय, तिथला दगड सर्वांत नवा आहे आणि दोन्हीकडच्या जमिनी एकमेकींपासून दूर सरकतायत. सरांच्या सहीशिवाय तिला पदवी मिळणार नव्हती.

"जमीन म्हणजे काय गलबत आहे का गं?" सर कडाडले.

"सर, मोजून बघा असं तुम्हीच शिकवलंत."

सरांनी प्रबंध कपाटात कोंडला. तीन महिने ती रोज यायची, बाकावर बसायची आणि सही न मिळताच परत जायची. मला तिचा रागच यायचा, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी सर अठरावी पट्टी घेऊन आले. चिकटवायला जागाच नव्हती. त्यांनी माझ्या दोन्ही काठांवरून बोट फिरवून बघितलं. मग त्यांनी कात्री घेऊन माझा समुद्र मधोमध कापला, दोन्ही अर्धे मागे दुमडले आणि काठाला काठ भिडवला. आई गं, काय कळ आली! पण सतराही पुलांची टोकं बरोबर समोरासमोर येऊन बसली.

"अरे देवा," सर म्हणाले. "मी पूल बांधत बसलो. हे तर शेजारी होते!"

सर रडले, मित्रांनो. मलाही भरून आलं. मग त्यांनी कपाट उघडून सही केली आणि तिला बोलावलं. "पोरी, चुकलो मी. उद्याचा तास तू घे." दुसऱ्या दिवशी सर वही घेऊन पहिल्या बाकावर बसले होते.

आता माझ्या शेजारी तिचा नवा नकाशा असतो. भारी ऐट आहे त्याची! त्याच्यावर कोणी ठिगळं लावू लागलं, तर तेवढी मोजत जा. आणि अधूनमधून माझी धूळ झटका, मला उन्हात टाकू नका. पण तो काप मात्र शिवू नका. तो सरांच्या हातचा आहे.