उजवा सिलिंडर

“डावा सिलिंडर रिकामा, उजवा भरलेला. सरळ आहे. बदलायला विसरला,” चौकशीचे साहेब म्हणाले आणि त्यांनी कारकुनाला लिहायला सांगितले.

भिंतीकडच्या बाकावर माझी धाकटी बहीण बसली होती. मेलेला तिचा नवरा. आम्ही पाणबुडे त्याला काडी म्हणायचो. धरणाच्या जुन्या नळात पाठीवर सिलिंडर घेऊन माणूस मावत नाही. दोन्ही काखांखाली एकेक बांधायचा आणि सरपटत जायचे. प्रत्येक सिलिंडरला आपली नळी, नळीला तोंडात धरायचा रेग्युलेटर. थोडा वेळ डाव्यातली हवा, थोडा वेळ उजव्यातली. एक रेग्युलेटर तोंडात असतो, दुसरा गळ्यातल्या रबरात, हनुवटीखाली. काडीला हे मीच शिकवले होते.

“तो विसरणारा नव्हता, साहेब. घरी चहाचा कपसुद्धा दोन घोटांनी या हातातून त्या हातात करायचा.”

कारकून हसला आणि लगेच कागदावर वाकला. मी खिशातून तुटलेले रबर काढून टेबलावर ठेवले.

“दोरीने ओढून काढला तेव्हा हे गळ्याशी होतं. रबर तुटलं, रेग्युलेटर मागे गेला. नळात कोपर वळत नाही. हवा कमरेशी होती, पण हाताला लागली नाही.”

“हे कुठलं रबर?”

“सायकलच्या ट्यूबचं. मी कापलेलं. नवं मागून दीड वर्ष झालं.”

बहिणीने मान वर केली.

साहेबांनी सामानाची यादी चाळली. “यादीत असलं काही नाही. लिहिलं तर तुझ्यावरच शेकेल. शिवाय त्यानं नियमाबाहेरची वस्तू वापरली असं होईल. त्यापेक्षा विसरला हेच बरं.”

“कोणाला बरं?” बहिणीने विचारले.

साहेबांनी कारकुनाकडे पाहिले. कारकुनाने ओळ पुरी केली.

बाहेर पायऱ्यांवर ती थांबली.

“दादा, आठ दिवस खिशात होतं ते?”

“हो.”

“आणि मी आठ दिवस त्याला शिव्या देतेय. मेल्या, एवढं साधं कसं विसरलास म्हणून.”

ती एकटीच पुढे निघून गेली.

नळाचे पलीकडचे तोंड अजून तुंबलेलेच होते. दुसऱ्या दिवशी मला हुकूम आला. काडीनंतर त्या नळात मावण्याइतका वाळलेला मीच. कोठारवाल्याने तोच उजवा सिलिंडर माझ्यापुढे लोटला.

“भरलेला आहे. वाया कशाला घालवायचा?”

“आणि रबर?”

“मागणी पाठवलीय की.”

काठावर बहीण उभी होती. तिच्या हातात शिवलेला एक गोफ होता.

“त्याच्या चड्ड्यांतलं इलॅस्टिक आहे. तिपेडी शिवलंय.”

तो तिने माझ्या गळ्यात घातला आणि जोर लावून तीनदा ओढून पाहिला. मानेला काचले. रेग्युलेटर तिने स्वतः अडकवला. त्या सगळ्या वेळात माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिले नाही.

निम्म्या नळात पोचल्यावर मी डावा सोडला, हनुवटी खाली केली आणि उजवा तोंडात घेतला. हवा पहिल्याच श्वासाला आली. गार आणि भरपूर.