जर एकच, बाकी सगळं तर

कवळीवाल्याच्या कपाटात इतकी लढाऊ विमानं होती, की एखाद्या बऱ्यापैकी देशाने नुसतं दार उघडून आत डोकावलं असतं तरी मुकाट्याने तह केला असता. सगळी प्लॅस्टिकची, वीतभर लांबीची आणि एकजात थापाडी.

थापाडी म्हणजे कशी, तर दुकानातून किट आणायचं ते खऱ्या विमानाचंच. पण जोडताना, रंगवताना त्याचं नशीब बदलून टाकायचं. ते निळं, पायांना होड्या बांधलेलं विमान समुद्र नसलेल्या एका देशाच्या आरमाराचं. ते तळ्यात उतरायचं, आणि उतरण्याआधी बदकांसाठी भोंगा वाजवायचं. त्याच्या शेजारच्या ढेरपोट्या बॉम्बफेक्याच्या पोटात टपालाच्या थैल्या होत्या. कारण काय, तर ऐन चढाईच्या सकाळी सेनापतीची अक्कलदाढ ठणकली. हल्ला दुपारवर गेला. दुपारी गाल सुजला. संध्याकाळी समोरच्या सेनापतीला राहवेना, त्याने लवंगेचं तेल पाठवलं, आणि युद्ध बारगळलं ते बारगळलंच. प्रत्येक विमानापुढे अशी हकिगत लिहिलेली एक छोटी पाटी, आणि प्रत्येक पाटीत कुठे ना कुठे एक दाढ. इतिहासाचं मूळ दाढेत असतं, यावर कवळीवाल्याची श्रद्धा होती.

माणसाचा धंदाच तो. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून त्याने जन्मभर कवळ्या केल्या. लोकांच्या तोंडात बेमालूम बसेल असं खोटं तयार करायचं, हे त्याचं काम. ते सुटल्यावर बारीक कानशी, मेण, पॉलिशची चक्ती सगळं घरच्या टेबलावर आलं. घर म्हणजे एका दुकानावरच्या दोन खोल्या. लग्न राहून गेलं होतं. का राहिलं याची तो दर वेळी नवी गोष्ट सांगे, आणि तिच्यातही एक दाढ असे.

पण थापेलाही त्याचा एक कायदा होता: जर एकच, बाकी सगळं तर. सेनापतीची दाढ दुखली, हा एक ‘जर’ झाला. त्यानंतर वारा, इंधन, पंखांची लांबी आणि माणसांचा हट्टीपणा, सगळं अगदी खऱ्यासारखं चाललं पाहिजे. “दोन जर घातले की ती थाप,” तो म्हणायचा. “एक घातला तर इतिहास.”

हे ऐकून घेणारा जगात एकच माणूस होता. पलीकडच्या गल्लीतला चष्मेवाला.

चष्मेवालाही विमानंच करायचा, पण त्याला जर माहीतच नव्हता. अमुक विमान अमुक सकाळी धावपट्टीवर जसं उभं होतं तसं, बस्स. चाकाला चिखल होता ना? मग चिखल; आणि तोही तिथल्या मातीच्या रंगाचा. रविवारी दुपारी तो आपला खोका घेऊन यायचा, टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरायचा, आणि दोघं उजेड उतरेपर्यंत समोरासमोर बसायचे.

“शेपटीवर दाढ काढलीस?” चष्मेवाला भिंगातून वर न पाहताच विचारायचा.

“हवाई दलाचं बोधचिन्ह आहे ते.”

“कुठल्या हवाई दलाचं?”

“ज्याची कचेरी दातांच्या दवाखान्यावर होती, त्याचं.”

“मर मेल्या,” म्हणून चष्मेवाला पुन्हा पंखावरचे रिव्हेट मोजायला लागायचा. हे असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि दोघांचंही त्यात छान भागत होतं.

मोडलं ते एका हिरव्या रंगावरून. तो पिवळट हवा की काळपट, एवढाच वाद. पण त्या दिवशी वाद थांबेना. शेवटी चष्मेवाला म्हणाला, “तुला काय फरक पडतो? तुझी विमानं नाहीतच ती. कवळ्या आहेत. वरून चकचकीत, आणि मुळं कुठेच नाहीत.”

धंद्यावर आलं ते. कवळीवाल्याने हातातला ब्रश खाली ठेवला. “आणि तुझी? न्हाऊ-माखू घालून निजवलेली प्रेतं.”

चष्मेवाल्याने रंगाच्या डबीला झाकण लावलं, ब्रश पुसला, खोका उचलला आणि जिना उतरून गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कवळीवाला दर रविवारी जेवण झालं की दाराची कडी काढून ठेवी. दार नुसतं लोटलेलं असे. येईल मेला, जातोय कुठे. अशीच दोन-अडीच वर्षं गेली, आणि मग एक दिवस चष्मेवाला खरोखरच गेला. कवळीवाला निरोपाला जाऊन मागच्या रांगेत उभा राहिला, आणि कोणाशी न बोलता परत आला.

काही आठवड्यांनी चष्मेवाल्याची बायको जिना चढून आली. हातात एक खोका.

“भावजी, हे तुमच्याकडे असू द्या. अर्धवट राहिलंय. मला तर यातलं पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं तेही कळत नाही.”

“मागे शेपूट असतं, वहिनी.”

“माणसांना नसतं ना, म्हणून सवय नाही.” खुर्चीत बसत तिने खोलीभर नजर फिरवली. “पुरं कराल? त्यांना अर्धवट राहिलेलं खपायचं नाही.”

“करीन.”

तिने पाणी घेतलं, जिन्याला नावं ठेवली आणि ती गेली. ‘शेवटी माझं नाव काढलं होतं का त्याने?’ हा प्रश्न कवळीवाल्याच्या दातांपर्यंत येऊन परत फिरला होता. चष्मेवाला राग घेऊनच गेला की राग सोडून गेला, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. पण जिला विचारायचं तिला तोंड कसं दाखवायचं इथून तयारी होती.

त्याने खोका उघडला. झाकणावर चित्र होतं एका इंजिनाच्या लढाऊ विमानाचं. हे विमान दोघांनाही तोंडपाठ होतं. त्यात माणूस एकटाच बसतो. आत धडाचे दोन्ही भाग चिकटवून, घासून तयार होते. आणि पाठीवर बसायच्या जागा होत्या दोन. एकीमागे एक.

कवळीवाला भिंग घेऊन खिडकीशी गेला. पुन्हा पाहिलं. दोनच.

चष्मेवाल्याने विमान कापून मागे आणखी एक खुर्ची केली होती! चिखलाचा रंग मातीशी ताडून बघणाऱ्या माणसाने जर घातला होता. एकच जर, अगदी कायद्याने. आता ती मागची खुर्ची कोणाची, हे का सांगायला हवं?

“बघा रे!” तो कपाटाकडे वळून मोठ्याने म्हणाला. “कवळ्या म्हणत होता ना? शेवटी लागलेच त्याला दात!”

तो आठवडा त्याने सणासारखा घालवला. खोक्यात विमानावरची काच नव्हती, तर त्याने ती स्वतः केली: हिरडीचा साचा घेतात तसा मेणाचा साचा घेतला, त्यात प्लॅस्टर ओतून ठसा केला आणि पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा गरम करून त्यावर दाबून बसवला. पाटीवरची हकिगतही मनात तयार झाली. फार उंचावर गेलं की वैमानिकांच्या दाढा ठणकतात, म्हणून एका हवाई दलाने हुकूम काढला की प्रत्येक लढाऊ विमानात मागे एक दातांचा माणूस बसवावा. पण मागचा इतका बडबड्या निघाला की पुढच्याला गोळी झाडायला फुरसतच मिळेना. त्याने दोन इटुकली माणसं रंगवली. पुढच्याला चष्मा, मागच्याला पांढरा कोट. खुर्च्यांत बसवली. किती दिवसांनी तो शीळ घालत होता.

वहिनी पुन्हा आली ती चष्म्याची एक डबी घेऊन.

“त्यांच्या खणात मिळाली. मला वाटलं चष्मा आहे, म्हणून ठेवली होती. पण आत हे तुमच्यातलंच काहीतरी दिसतंय.”

डबीत पिवळं मऊ फडकं. फडक्यात विमानाची काच. लांबट, एकसंध, दोन माणसांपुरती. कडेला एक बारीकसा खुंट होता; कारखान्यातून साच्यात ओतून आलेल्या भागाला, त्याच्या चौकटीतून तोडल्यावर उरतो तसा.

कवळीवाल्याने तो खुंट नखाने चाचपला. मग पुन्हा एकदा.

कापलं-बिपलं काही नव्हतं. हे विमान दोन जागांचंही निघालं होतं. नव्या वैमानिकांना शिकवायला, मागे शिक्षक बसवून. साधी, खरी, नोंदलेली गोष्ट. चष्मेवाला रिकामे खोके टाकत नसे, जुन्या खोक्यात नवं किट ठेवी. झाकण एका जागेच्या विमानाचं होतं, एवढंच. कोणाही जाणकाराने पहिल्या नजरेत सांगितलं असतं. पण कवळीवाल्याने खऱ्या विमानांकडे इतकी वर्षं पाठ केली होती, की खरं समोर येऊन बसलं तरी त्याला ती थाप वाटली.

वहिनी टेबलावर वाकली होती. “अगंबाई! पुढे हे दिसतायत. आणि मागे पांढऱ्या कोटात तुम्ही?” तिने वर पाहिलं. “म्हणजे त्यांनी तुमच्यासाठी जागा केली होती?”

हो म्हणायला अर्धा श्वास पुरला असता. आणि ती थाप दोघांनाही अशी बसली असती, की मरेपर्यंत टोचली नसती. यापेक्षा अवघड कवळ्या त्याने हसत हसत बसवल्या होत्या.

“नाही, वहिनी,” तो म्हणाला. “हे विमान असंच होतं. शिकाऊ लोकांसाठीचं. त्याने त्यात काही घातलं नाही. माझा गैरसमज झाला.”

“एवढंच?”

“एवढंच.”

वहिनी हसली. “हे म्हणायचे, त्याच्या तोंडून खरं आलं तर समजायचं, कवळी निसटली.”

“म्हणायचा?” कवळीवाल्याच्या हातातली डबी टेबलावर वाजली. “कधी?”

“कधी म्हणजे? दर रविवारी. जेवण झालं की बूट चढवायचे, नाड्या बांधायचे, खोका मांडीवर घेऊन दाराशी बसायचे. कुठे निघालात म्हटलं तर म्हणायचे, जरा पाय मोकळे करून येतो. उजेड उतरला की नाड्या सोडायचे.”

“मग आला का नाही?”

“मी म्हटलं ना त्यांना, जा एकदाचे! तर म्हणाले, त्याने दार लावलं असलं तर?”

कवळीवाल्याने दाराकडे पाहिलं. जन्मभर एकही जर न वापरलेल्या माणसाने एकच वापरला होता, आणि तोही साफ चुकीचा.

“उघडं होतं,” तो म्हणाला. “दर रविवारी. नुसतं लोटलेलं.” इतकी वर्षं वाटेल ते पचवलेल्या त्याच्या तोंडाला हे एक वाक्य काही केल्या नीट बसेना. त्याने ते पुन्हा म्हणून पाहिलं. “उघडंच होतं हो.”

“असेल की,” वहिनी पदर सावरत उठली. “पण तुम्हाला काय झालं होतं, भावजी? तुमच्याकडे बूट नव्हते?”

दुनियेतली सगळी युद्धं टाळणारा माणूस, पण या प्रश्नाला त्याच्याकडे एकसुद्धा दाढ नव्हती.

“पुरं झालं की आणून द्या,” जिन्यावरून ती म्हणाली. “त्यांच्या कपाटात जागा आहे.”

त्याने आपली काच काढून ठेवली आणि कारखान्याची बसवली. ती अर्थातच जास्त चांगली बसली. पांढऱ्या कोटावर खाकी रंग चढवला. पुढचा चष्मा खरवडून काढावा म्हणून सुई हातात घेतली, मग ठेवून दिली. वैमानिकाला चष्मा नसतो, हे त्याला माहीत होतं. तेवढा एक जर राहू दिला. पाटी लिहिली नाही.

रविवारी जेवण झाल्यावर त्याने पलंगाखालून बूट ओढून काढले. चामडं कडक झालं होतं, आणि एका नाडीचं टोक उसवलं होतं. थुंकी लावून ते ओवावं लागलं. खोका मांडीवर घेऊन तो दाराशी थोडा वेळ बसला. मग उठला, जिना उतरला, गल्ली ओलांडली, आणि दोन्ही हात खोक्यात अडकलेले असल्यामुळे चष्मेवाल्याच्या दाराला कोपरानेच जरा ढकलून पाहिलं.

ते नुसतं लोटलेलं होतं.