शिवगंगेचं नाक

वीरप्पानं नळीला तोंड लावलं आणि छाती भरून फुंकलं. भ्यायचं काही कारणच नव्हतं. अणदूरच्या खंडोबापुढं भंडारा उचलून त्यानं दारू सोडली, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. आज रविवारी तो त्याच देवाचं दर्शन घेऊन, पुरणपोळ्यांवर आडवा हात मारून बायको शिवगंगेसह टेम्पोनं घरी निघाला होता.

यंत्र वाजलं. लाल दिवा लागला.

"कधी घेतली?" रस्त्यात टेम्पो अडवणाऱ्या फौजदारबाईंनी विचारलं.

"घेतली न्हाय मॅडम. भंडारा उचललाय म्या."

"सगळेच उचलतात काका," शेजारचा हवालदार म्हणाला.

वीरप्पा पीत होता तेव्हा सबबी कशा तोंडपाठ असायच्या. आज खरं सांगायची वेळ आली, तर शब्द सुचेना. त्यानं टेम्पोकडं पाहिलं. शिवगंगा समोर नजर लावून बसली होती.

असलं यंत्र त्याच्या घरीही होतं, ते म्हणजे शिवगंगेचं नाक. रोज संध्याकाळी तो दारात आला की ती आडवी उभी राहायची. "हा करा," म्हणायची. तो हा करायचा, ती वास घ्यायची आणि मगच बाजूला व्हायची. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. वीरप्पाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण बोलायची सोय नव्हती. ती वेळ त्यानंच आणली होती. पुन्हा प्यालात तर मी माहेरी निघून जाईन, असं तिनं सांगितलं होतं. एकदाच. शिवगंगा कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नसे.

"आकडा मान्य नसेल तर तसं सांगा," फौजदारबाई कागद पुढं करत म्हणाल्या. "दवाखान्यात रक्त तपासून घ्या. हक्क आहे तुमचा."

"आता कशाला मॅडम," तो पुटपुटला आणि त्यानं पेन हातात घेतला. ज्याच्यावर घरात रोज संशय, त्याच्यावर रस्त्यात कोण विश्वास ठेवणार?

टेम्पोचं दार आपटलं. शिवगंगा पिशवी काखोटीला मारून खाली उतरली होती. रस्त्यापलीकडं एसटीचा थांबा होता. निघाली माहेरी, वीरप्पाला वाटलं.

ती थांब्याकडं वळली नाही. सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"हा करा."

"अगं, हितं? सगळ्यांम्होरं?"

"हा करा म्हणते न्हवं?"

त्यानं डोळे मिटून हा केलं. हवालदार हसू दाबत होता. शिवगंगेनं वास घेतला, थांबली, पुन्हा घेतला. मग तिनं पिशवीतून बाटली काढून उजेडात धरली. वैद्यांनी पोटासाठी दिलेलं द्राक्षासव होतं ते. सकाळी भरलेली बाटली निम्म्यावर आली होती.

"झाकणानं घ्यायचं औषध ह्ये. बाटलीच तोंडाला लावली व्हय?"

"जेवण लई झालं व्हतं," तो ओशाळून म्हणाला. "निघताना जरा..."

शिवगंगा फौजदारबाईंकडं वळली.

"मॅडम, ही दारू न्हाय. दारूचा वास घेण्यात जल्म गेलाय माझा. ह्यांना चूळ भरू द्या, जरा थांबून परत फुंकू द्या. तरी लाल आलं तर रक्त घ्या. म्या येते संगं दवाखान्यात."

फौजदारबाईंनी बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलं अल्कोहोलचं प्रमाण वाचलं, भुवया उंचावल्या आणि वीरप्पाच्या हातातला पेन काढून घेतला.

"बसा सावलीत."

दोघं लिंबाखाली बसली. चुळा भरून भरून वीरप्पाचे गाल दुखायला लागले.

"आन् परत लाल आलं तर?" त्यानं हळूच विचारलं.

"तर यंत्र बिघडलंय," शिवगंगा म्हणाली आणि पदरानं त्याची हनुवटी पुसली.

वीरप्पाला भरून आलं. यंत्राची भीती तिथंच संपली.

फौजदारबाईंनी त्याच्यासमोर नवी नळी काढली. त्यानं फुंकलं. यंत्र गप्प राहिलं.

"जा आता," त्या म्हणाल्या. "आणि हे औषध घरी, रात्री. गाडीत नाही."

संध्याकाळी टेम्पो लावून वीरप्पा सवयीनं उंबऱ्याबाहेर थांबला आणि त्यानं तोंड उघडलं. समोर कुणीच नव्हतं. शिवगंगा केव्हाच आत गेली होती, दार सताड उघडं होतं.

"तितं काय हा करून उभं राहिलाव?" आतून आवाज आला. "पाय धुवा, च्या ठेवलाय."