ऐकल्याशिवाय नोंद नाही

"मतं समान झाली," चिटणीस म्हणाले. "आता निर्णय अध्यक्षांचा."

अध्यक्ष म्हणजे ताई. त्यांनी ते चिटणीसांच्या ओठांवरून वाचलं. ध्वनिफिती आणि चित्रफितींची नोंद करणाऱ्या ग्रंथपालांची ही मूठभर संघटना, आणि तिचा एकच कडक नियम आज पणाला लागला होता: फीत पूर्ण ऐकल्याशिवाय नोंद करायची नाही. तो काढून टाका, डब्यावरचं नाव वाचून नोंद करू द्या, असा ठराव आणला होता ताईंच्याच धाकट्या बहिणीने. का आणला, ते दोघींनाच ठाऊक. ताईंचा उजवा कान केव्हाच गेला होता आणि आता डावाही दगा देत होता. नियम राहिला तर नोकरी गेली, आणि घर तर त्यांच्या एकटीच्या जिवावर चाललेलं.

बहिणीने टेबलाखालून त्यांचा हात दाबला. डाव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "ताई, वेडेपणा करू नकोस. हो म्हण आणि मोकळी हो."

"आणि वाघाचं काय?"

"मेला तो वाघ! स्वतःचं बघ ना जरा!"

वाघाचा किस्सा संघटनेत सगळ्यांना तोंडपाठ. कुणा शहाण्याने डब्यावर 'वाघ' वाचलं आणि फीत खुशाल जंगली प्राण्यांत टाकली. आत होतं एका हेडमास्तरांचं भाषण. पोरांनी त्यांना ठेवलेलं नाव वाघ! त्यांची लेक बापाचा आवाज शोधत खेटे घालून थकली, आणि बाप इकडे चित्ता आणि तरस यांच्या मधे बसलेला. दर सभेत सगळे पोट धरून हसत. ताईंना मात्र कधी हसू आलं नाही. 'अशी फीत आमच्याकडे नाही' असं त्या लेकीला सांगायची पाळी त्यांच्यावरच आली होती. ती बिचारी जिना उतरून गेली होती.

सगळे ताईंकडेच बघत होते.

"ठरावाच्या विरोधात," त्या म्हणाल्या. "नियम राहील."

बहिणीने हात झटकन काढून घेतला. तिचे डोळे भरून आले होते. राग होता की रडू, कोण जाणे.

चिटणीस खुशीत वही मिटत म्हणाले, "झकास! मग ताई, तुमच्याकडच्या नव्या फिती ऐकून कधी होतायत?"

"त्या दुसऱ्या कोणाला तरी द्या," ताई म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही."

कोणाचेच ओठ हलेनात. सभागृह शांत झालंय, हे ताईंना त्यावरूनच कळलं.